डोंगरे मॅडम आणि भरतीची रेघ

प्रा. इंदुमती डोंगरे मॅडम यांची आणि माझी पहिली भेट सौंसरच्या महाविद्यालयात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. मी पांढुर्ण्याहून सकाळच्या पहिल्या बसने आलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात नेमणुकीचा कागद, आणि मनात आपण आता प्राध्यापक झालो याचा थोडा जास्तच तोरा. मॅडम टेबलाखाली वाकून संत्र्याची एक लाकडी पेटी बाहेर ओढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "राऊत ना तुम्ही? मग उभे काय राहिलात, दुसऱ्या बाजूने धरा." पेटीत तणसात गुंडाळलेल्या काचेच्या बरण्या होत्या आणि प्रत्येक बरणीत समुद्रातला एकेक जीव होता. मी शहाणपणा करत म्हटलं, "मॅडम, सौंसरपासून समुद्र केवढा लांब! इथल्या पोरांना याचा काय उपयोग?" त्या म्हणाल्या, "लांब आहे म्हणूनच पेटीत घालून आणावा लागतो." त्यानंतर त्यांनी मला बरण्या पुसायला लावल्या. माझा कागद त्यांनी दुपारी पाहिला.

मॅडम येत्या महिन्यात साठ वर्षांच्या होत आहेत आणि त्याच महिन्यात निवृत्तही होत आहेत. गौरव समितीने मला पत्र पाठवलं की, "आपण मॅडमचे सर्वांत जवळचे सहकारी. त्यांच्या स्नेहाचे दोन-चार प्रसंग लिहून द्यावेत." प्रसंग मी लिहिणारच आहे. पण त्यांतला एक असा आहे की तो वाचल्यावर मला 'जवळचे सहकारी' म्हणायचं की नाही, हे समितीने पुन्हा ठरवावं. संपादकांना आधीच हात जोडून सांगतो, तो प्रसंग कापू नका. कापायचाच असेल तर सगळा लेख परत करा.

आधी कामाविषयी लिहितो, कारण काम मोठं आहे आणि ते कोणी नीट लिहिलेलं नाही. मॅडम मूळच्या लोधीखेड्याच्या. वडील नगर पंचायतीत शिपाई होते. नागपूरला एम.एस्सी. करताना विभागाच्या सहलीत त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि नोकरी लागल्यावर ठरवलं की आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलामुलीने पदवी घेण्याआधी एकदा तरी ओहोटीच्या खडकावर उभं राहिलंच पाहिजे. कापूस आणि संत्रा यांच्या मुलखात ही कल्पना लोकांना खुळचटच वाटली. तरी वीसहून अधिक वर्षं दर हिवाळ्यात कोकणातल्या एका लहानशा गावी त्यांनी मुलं नेली. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) नागपूरपर्यंत बस, पुढे रेल्वे, मग पुन्हा बस. जाताना संत्र्याच्या रिकाम्या पेट्या आणि येताना त्याच भरलेल्या.

त्या पेट्यांत काय यावं याचा नियम कडक होता. जिवंत काहीही आणायचं नाही, भरतीने काठावर टाकलेलं मेलेलं तेवढं उचलायचं. खडकाखाली पाहायला दगड उलटला, तर तो होता तसाच, होता त्याच तोंडाने परत ठेवायचा. एका वर्षी एका मुलाने दगड उलटाच सोडला आणि तो पुढे गेला. मॅडमनी त्याला परत बोलावलं, दगडाची खालची बाजू दाखवली. तिच्यावर स्पंजाचा पिवळा थर, बारीक किडे आणि एक लहान खेकडा उघडा पडला होता. "तुझ्या घराचं छप्पर काढून कोणी असं निघून गेलं तर?" एवढंच विचारलं. तो मुलगा आज एका शाळेत मुख्याध्यापक आहे आणि शाळेच्या बागेतसुद्धा दगड सरळ करत फिरतो, असं त्याचे शिक्षक मला हसून सांगतात.

शिकवण्याची त्यांची पद्धतही वेगळी होती. कोकणातल्या एका मासळीवाल्या बाईंकडून त्या भरतीचा हिशेब शिकल्या होत्या. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. पौर्णिमेचा दुसरा दिवस म्हणजे सोळा, सोळाचे पाऊण बारा, म्हणजे बाराच्या सुमाराला पूर्ण भरती आणि सकाळी सहाला पूर्ण ओहोटी. दुसरा धडा खडकाचा. खडकावर जीव कसेही राहत नाहीत, पट्ट्यांनी राहतात. सर्वांत खाली, जिथे पाणी जास्त वेळ असतं तिथे कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले धारदार शिंपले. त्यावर बार्नॅकल, म्हणजे पांढरे, दातेरी, बोटाच्या पेराएवढेही नसलेले शंकू. आमची पोरं त्यांना 'दगडाचे गोचीड' म्हणत. त्याच्याही वर, जिथे फक्त तुषार उडतात तिथे बारीक काळ्या गोगलगायी, आणि शेवटी नुसता काळा डाग. मॅडम म्हणत, "पांढऱ्यांची वरची कड पाहा. मोठ्यात मोठं पाणी तिथपर्यंत येतं. समुद्राने स्वतः मारलेली रेघ आहे ती." मुलं वहीत चित्र काढून घेत. मीही वर्गात हेच शिकवत असे.

आता स्नेहाविषयी. पांढुर्ण्याजवळच्या एका खेड्यातली पल्लवी आमच्याकडे शिकत होती. हुशार मुलगी, पण वडील सहलीला पाठवायला तयार नव्हते. वडील म्हणजे नामदेवराव, संत्र्याची बाग आणि थोडा कापूस असलेले, बोलायला फटकळ. मी गेलो तर त्यांनी मला अंगणातूनच वाटेला लावलं, "पोट्टी पान्यात नेऊन काय करता जी? आमच्या विहिरीत पानी नाई का?" मॅडम स्वतः गेल्या. तेव्हा वेचणी सुरू होती. त्यांनी काही बोलायच्या आधी पदर खोचला, पल्लवीच्या आईशेजारच्या ओळीत शिरल्या आणि कापूस वेचायला लागल्या. तीन तास वेचला. बोटं बोंडांनी ओरबाडली. संध्याकाळी नामदेवराव स्वतःच जवळ आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या भरोशावर पाठोतो. जशी नेता तशी आनून द्या." मॅडम म्हणाल्या, "शब्द देते." मी बांधावर उभा होतो, मी ऐकलं आहे.

ती सहल ही आमची शेवटची सहल ठरली. त्याला आता सात वर्षं झाली.

पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. चौदा मुलं, मॅडम आणि मी. तांबडं फुटायच्या सुमाराला आम्ही खडकावर उतरलो. मॅडमनी आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी बजावल्या होत्या. साडेसातला शिट्टी वाजेल, ती वाजली की हातातलं टाकून काठाकडे यायचं. आणि घळीच्या पलीकडे कोणी जायचं नाही. काठाचा कातळ आणि पुढचा एक रुंद चबुतऱ्यासारखा खडक यांच्यामध्ये ती घळ होती. सकाळी तिच्यात पोटरीइतकंच पाणी होतं.

मॅडम दहा मुलांना घेऊन खाडीच्या अंगाला गेल्या, तिवरांची श्वास घेणारी मुळं दाखवायला. चौघं माझ्याकडे होती. पल्लवी, प्रज्वल नावाचा एक धिप्पाड मुलगा, आणि आणखी दोघं. सातच्या सुमाराला प्रज्वलला घळीपलीकडच्या डबक्यात ऑक्टोपस दिसला. मुलं माझ्याकडे पाहायला लागली. मलाही तो मोबाईलमध्ये घ्यायचा होता. मी म्हटलं, "चला. पाणी उतरलेलं आहे, अजून घंटाभर काही होत नाही."

हे वाक्य मी बोललो. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मी जाम नदीच्या काठी वाढलेला माणूस. नदीचा पूर उतरला की उतरला. वर डोंगरात पुन्हा पाऊस झाल्याशिवाय ती चढत नाही, आणि त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. स्वच्छ आभाळाखाली पाणी परत चढतं हे मला ठाऊक होतं, आदल्याच आठवड्यात मी त्यावर तास घेतला होता. पण ते माझ्या डोक्याला ठाऊक होतं, पायांना नव्हतं. साडेसातला शिट्टी वाजली. मी ऐकली. पल्लवी म्हणाली, "सर, शिट्टी." मी म्हणालो, "झालंच, दोन फोटो राहिले." त्या दोन फोटोंत अर्धा तास गेला.

मागे वळलो तेव्हा घळ भरली होती. कमरेच्या वर पाणी, आणि त्याला ओढ अशी की फेस उभा राहत नव्हता. पलीकडे काठावर मॅडम आल्या होत्या. तोंडाशी हातांचा कर्णा करून काहीतरी सांगत होत्या, पण लाटांच्या आवाजात ऐकू येईना. मला वाटलं, त्या 'या, लवकर या' म्हणताहेत. प्रज्वल म्हणाला, "सर, मी कन्हान नदीत पोहतो, मी घेऊन जातो एकेकाले." मी म्हणालो, "मी पुढे उतरतो, मागून या." मी उतरलो. दोन पावलांत पाय सुटले. पाण्याने मला कालवांच्या भिंतीवर नेऊन घासलं, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय फाटले. प्रज्वलने खडकावर पालथं पडून माझी कॉलर धरली नसती, तर हा लेख दुसऱ्या कोणी लिहिला असता.

तेवढ्यात पल्लवीचा फोन वाजला. मॅडमचा होता. तिने स्पीकर लावला.

"कोणी पाण्यात उतरायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "पल्लवी, पायाखाली काय आहे?"

"कालवं, मॅडम."

"चबुतऱ्याच्या सर्वांत उंच जागी?"

पल्लवी तिथे चढली. "पांढरे आहेत. सगळीकडं पांढरेच आहेत."

म्हणजे बाराच्या आत तो अख्खा चबुतरा पाण्याखाली जाणार होता, आमच्यासकट.

"त्याच्या पुढे एक सुळका आहे. समुद्राच्या बाजूला. त्यावर काय दिसतं?"

"खाली पांढरे. त्याच्या वर काळ्या गोगलगायी. अन् वर काईच नाई मॅडम, नुसता काळा डाग."

"मग तिकडे जा. सगळे. आत्ता."

तो सुळका काठापासून आणखी लांब होता. चबुतऱ्यापेक्षा बारीक, दिसायला ठेंगणा, आणि त्याच्या आणि आमच्यामध्ये गुडघाभर पाणी आधीच खेळत होतं. भ्यालेल्या माणसाला काठाकडे पळायचं असतं, या बाई आम्हाला समुद्राकडे पाठवत होत्या. मी ओरडलो, "नाही! कोणी तिकडे जायचं नाही. इथेच थांबा, होडी येईल." मी शिक्षक होतो. मुलं थबकली.

पल्लवी माझ्याकडे पाहून म्हणाली, "सर, मॅडमनं रेघ सांगतली ना. तुमीच तर वर्गात शिकोलं." आणि तिने दुसऱ्या मुलीचा हात धरून पाण्यात पाय टाकला. प्रज्वलने मला काखेत धरून नेलं. मी विरोध केला नाही, कारण माझ्यात जोर नव्हता. पटलं म्हणून गेलो असं लिहायचं मनात येतं, पण तसं नव्हतं.

सुळक्याच्या माथ्यावर पाच जण जेमतेम मावलो. बसायला जागा तिघांना, म्हणून दोघं उभे आणि तिघं बसलेले, आळीपाळीने. मॅडमनी फोनवर सांगितलं, "आता फोन ठेवते, बॅटरी जपा. दर अर्ध्या तासाने मी करीन. दुसऱ्या कोणाचा उचलू नका." काठावर त्यांनी गावातल्या एका होडीवाल्याला आणलं होतं. त्याने लाटा पाहिल्या आणि स्पष्ट सांगितलं की या खडकात होडी घातली तर तीही फुटेल, पाणी उतरेपर्यंत पोरं आहेत तिथेच बरी. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की मॅडम कातळाच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभ्या आहेत आणि पाणी चढेल तसतशा एकेक पाऊल मागे सरकताहेत.

दहा वाजता चबुतरा बुडाला. जिथे मी मुलांना थांबायला सांगत होतो ती जागा आमच्या डोळ्यांदेखत गेली. मुलांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. अकराला लाटांचं पाणी तोंडावर यायला लागलं. दुसरी मुलगी रडत होती, प्रज्वल स्वतःशी काहीतरी पुटपुटत होता. पल्लवी मात्र उकिडवी बसून खाली एकाच जागी पाहत होती. मी विचारलं, "काय पाहतेस?" ती म्हणाली, "रेघ पायतो सर. चार बोटं राहिली." थोड्या वेळाने, "दोन बोटं." मग तिने बोटं मोजणं सोडलं. मी तिला विचारायचं धाडस केलं नाही.

बारा वाजून काही मिनिटं झाली होती. तिने मान वर केली. "टेकलं. आता वर नाई चढून राहिलं."

पाणी पांढऱ्यांच्या वरच्या कडेला येऊन हेलकावत राहिलं. लाटा अंगावर येत होत्या, पण पाणी पुढे आलं नाही. साडेचारला घळ पुन्हा कमरेखाली गेली आणि होडीवाल्याने दोर टाकून एकेकाला काठावर घेतलं. मॅडमनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं. माझ्याही डोक्यावर ठेवला, पाचवा. मग माझे पाय धुतले, पट्ट्या बांधल्या. त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही.

इथवरची चूक अडाणीपणाची होती असं म्हणता येईल. पुढची तशी नाही.

आम्ही सौंसरला पोचण्याआधी बातमी पोचली होती. बस स्टँडवर पालक होते, गर्दी होती, कोणा वार्ताहराचा कॅमेरा होता. मी दोन्ही पायांना पट्ट्या बांधलेला, प्रज्वलच्या खांद्यावर हात ठेवून उतरलो. प्रज्वल म्हणाला, "सर पाण्यात उतरले होते." ते खरंच होतं. कोणीतरी हार आणला. कोणीतरी ओरडलं, "सरनं पोट्टे वाचोले!" मॅडम मागे बसच्या टपावरून पेट्या उतरवून घेत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. हार माझ्या गळ्यात पडला आणि मी तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी छापून आलं की शिक्षकाने जीव धोक्यात घालून चार विद्यार्थ्यांना वाचवलं. मग आपोआप प्रश्न आला, त्यांना धोक्यात नेलं कोणी? पालकांची सभा झाली. नामदेवराव उभे राहिले. "बाई, तुमी शब्द देल्ता." मॅडम म्हणाल्या, "हो, दिला होता. सहल माझी, चूक माझी." कोणाच्या हातून झाली ते त्यांनी सांगितलं नाही. मी त्याच सभेत पहिल्या रांगेत बसलो होतो. माझी नोकरी त्या वर्षी पक्की व्हायची होती. ती झाली. सहल बंद झाली. सभेतच मला शाल-श्रीफळ देण्यात आलं, ते मी घेतलं.

पल्लवीने घरी खरं सांगितलं होतं. वडील म्हणाले, पोट्टी बाईची बाजू घेते. प्रज्वलनेही सांगून पाहिलं, तर लोक म्हणाले, केवढा नम्र मुलगा! खरं सांगायला ज्याच्या शब्दाला वजन होतं तो एकटा मी होतो, आणि मी तोंड बंद ठेवलं.

एकदा, दुसऱ्या वर्षी, प्रयोगशाळेत दोघंच असताना मी म्हटलं, "मॅडम, मी सगळ्यांना सांगून टाकू का?" त्या बरणीवरची चिठ्ठी बदलत होत्या. म्हणाल्या, "मला विचारून सांगणार असाल तर नका सांगू." त्यांचा आवाज कोरडा होता. त्या काही संत नाहीत, रागावतात, आणि माझ्यावर रागावल्याच होत्या. पण माझी रजा अडली, मी आजारी पडलो, माझ्या आईला नागपूरला दवाखान्यात न्यायचं झालं, प्रत्येक वेळी माझे तास त्यांनीच घेतले. मला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

सात वर्षं त्या बरण्यांवर समुद्र शिकवत राहिल्या. हिवाळा आला की सवयीने पंचांग काढायच्या, फळ्याच्या कोपऱ्यात तिथीची पाऊणपट लिहायच्या आणि पुसून टाकायच्या. पल्लवी आज किनाऱ्यावरच खडकांतल्या जीवांवर संशोधन करते. तिच्यानंतरच्या सात वर्गांनी समुद्र पाहिला नाही, आणि ते माझ्यामुळे.

समितीचं पत्र आलं तेव्हा मी आधी तीन गोड पानं लिहिली. चांगली झाली होती. फाडली. मग वाटलं, हे आधी पुस्तकात छापून येणंही भ्याडपणाच आहे. म्हणून प्राचार्यांना जाऊन सांगितलं, आणि गेल्या रविवारी नामदेवरावांच्या बागेत गेलो. आंबिया बहाराची झाडं फुलावर होती. ते कुदळीने झाडांभोवतीची आळी साफ करत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, शिट्टीपासून हारापर्यंत. ऐकताना त्यांची कुदळ चालूच होती. संपल्यावर ते माझ्याकडे वळले.

"सौंसरच्या बाजारात बाई दिसली का मी तोंड फिरवून जातो," ते म्हणाले. "सात वर्ष झाले. एक खेप तिनं नमस्कार केला, तं मी थुकलो वो सर, रस्त्यावर. हे तुमाले मालूम होतं?"

मी म्हणालो, "होतं. मी तिथेच होतो."

त्यांनी कुदळ टाकली, हात धुतले, खुंटीवरचा शर्ट घातला. मोटारसायकल बाहेर काढून म्हणाले, "बसा मांगं." सौंसरला मॅडमच्या दारात पोचल्यावर चपला काढल्या आणि पायरीवरच खाली वाकले. मॅडम घाईने पुढे झाल्या, "अहो, हे काय करता नामदेवराव, उठा." ते उठेनात. पायरीवर बसून लहान मुलासारखे रडायला लागले. मॅडम त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पल्लवी सुखरूप आली ना? मग झालं." मी फाटकाशी उभा होतो. मला त्यांनी आत बोलावलं, चहा दिला. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही. नामदेवराव गौरव समारंभाला येणार आहेत. येत्या हिवाळ्यात सहल पुन्हा सुरू करायला प्राचार्यांनी संमती दिली आहे. पहिल्या तुकडीबरोबर मॅडमनी यावं अशी विनंती केली, तर म्हणाल्या, "गुडघ्यांना विचारून सांगते."

म्हणून आजच्या दिवशी मॅडमच्या गुडघ्यांना, डोळ्यांना आणि त्यांच्या त्या करड्या आवाजाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, अशी मी मनापासून प्रार्थना करतो. 'माझं आयुष्य तुम्हाला लाभो' असं आपल्याकडे प्रेमाने सहज म्हणतात. मी सहज म्हणत नाही. मॅडम, तुमची सात वर्षं मी घेतली आहेत. माझ्या वाट्याची तेवढी तुम्हाला लाभोत.